संगणकातील पाटपाणी

वैशाखात आमच्या उमापुरास पंख्याचा वाराही ऊन लागतो. त्यामुळे चिरंजीव नातवाने आपल्या संगणकात पाणी खेळविण्याचा घाट घातला आहे. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ महासंगणकही २०१९ पासून द्रवानेच निववितात, हा त्याचा दाखला. पाणी खोलीहून थंड होत नाही खरे; परंतु उष्णता त्वरेने वाहून नेते.

नळ्यांचा आराखडा सुबक आहे. मला चिंता धातूंची! तांब्याच्या ठोकळ्याबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला, की ॲल्युमिनियम झिजू लागते. विहिरीचे पाणीही वर्ज्य. क्षार बारीक खाचांत बसतात. ऊर्ध्वपातितच हवे. तळाशी तोटी मात्र आराखड्यात नव्हती. तिने म्हणे नळ्यांची रेघ मोडते! मग पाणी बदलावयाचे कसे? मी हट्ट धरिला. प्रथम दिवसभर संगणकास वीज न देता नुसता पंप चालवून गळती पाहावयाची, हेही ठरले. त्याची सारी उपजीविका त्या पेटीत आहे.