आधी सॉकेट, मग पिढी

डेस्कटॉप जुना झाला, प्रोसेसर बदलावा म्हणतोय, असं कुणी म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असे : जुन्यावर पैसे घालू नका. बाजारात सध्या कितवी पिढी चालू आहे ते बघा आणि त्या पिढीचा प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम सगळं एकदम घ्या. बरीच वर्षं मी हे मनापासून सांगत आलो. आता सांगत नाही. हे मत का बदललं, ते मांडायला हवं, कारण त्यावर विसंबून लोक कष्टाचे पैसे खर्च करतात.

त्या मताला आधार होता. २०१७च्या सुरुवातीला इंटेलच्या सातव्या पिढीतला आय-७ ७७००के आला, तेव्हा त्यात ४ कोअर आणि ८ थ्रेड होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली आणि आय-३ ८१०० मध्येच ४ कोअर मिळू लागले. आय-५ ८४०० मध्ये ६, तर आय-७ ८७००के मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड. एका वर्षात एवढी झेप पाहिल्यावर पिढीच्या आकड्यावर विश्वास बसणं स्वाभाविक होतं. त्यात दोन्ही पिढ्यांचा सॉकेट दिसायला एकच, ११५१ संपर्कबिंदूंचा. तरी सातव्या पिढीच्या बोर्डावर आठवीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नव्हता. पिढी बदलली की बोर्डही बदलायचा, हा नियम माझ्या मनात तिथेच पक्का झाला.

पुढच्या काही वर्षांत हा नियम ढिला पडत गेला. २०२१ मध्ये अकराव्या पिढीचा आय-९ ११९००के आला तो ८ कोअरचा. आदल्या पिढीच्या १०९००के मध्ये १० होते. नव्याचा एकेक कोअर नक्कीच सरस होता, पण सगळे कोअर राबवणाऱ्या काही कामांत जुना बरोबरीला किंवा पुढे राहिला. २०२३ची चौदावी पिढी तर आणखी शिकवून गेली. आय-५ १४६००के मध्ये कोअरची मांडणी १३६००के सारखीच, ६ मोठे आणि ८ छोटे. कमाल वेग ५.१ वरून ५.३ गिगाहर्ट्झ. त्याच पिढीतल्या आय-७ १४७००के ला मात्र १३७००के पेक्षा ४ छोटे कोअर जास्त मिळाले. म्हणजे एकाच पिढीत एका खरेदीदाराला जवळजवळ काहीच नवं मिळालं नाही आणि दुसऱ्याला खरोखर जास्त मिळालं.

एएमडीकडेही आकड्यांवर भिस्त ठेवता येत नाही. रायझन ५ ५५०० आणि ५६०० हे दोन्ही ६ कोअरचे, दोन्हींत झेन ३ रचना. पण पहिल्यात एल-३ कॅशे १६ एमबी, दुसऱ्यात ३२. ग्राफिक्स कार्ड लावून गेम खेळणाऱ्याला हा फरक जाणवतो. ३६०० आणि ३२००जी दोघांच्या नावात तीन हजार आहेत, पण पहिला झेन २ आणि दुसरा त्याआधीच्या झेन प्लस रचनेचा.

माझं मत पुरतं पालटलं ते एएमडीच्या एएम४ सॉकेटमुळे. २०१७ मध्ये रायझन ५ १६०० आला : ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट. त्याच सॉकेटवर २०२२ मध्ये रायझन ५ ५६०० आला : तेच ६ कोअर, तेच १२ थ्रेड, तेच ६५ वॉट. कागदावर शेजारी ठेवले तर बदलायचं कशाला, असं वाटेल. पण कमाल वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झ झाला, कॅशे दुप्पट झाली, आणि प्रत्येक ठोक्याला होणारं कामही वाढलं. एएमडीच्या दाव्यानुसार एकट्या झेन २ ते झेन ३ या टप्प्यात ही वाढ १९ टक्के होती. मुख्य म्हणजे २०२२ मध्ये कंपनीने ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांनाही ५००० मालिकेचा रस्ता अधिकृतपणे मोकळा केला.

ओळखीतल्या एक ताई लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. त्यांच्याकडे ३०० मालिकेतल्याच बी३५० बोर्डावर १६०० होता. बायॉस अपडेट करून त्यावर ८ कोअरचा ५७००एक्स बसवला. बोर्ड, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं तेच राहिलं आणि त्यांचं रेंडरिंग डोळ्यांना दिसेल इतकं लवकर उरकू लागलं. माझ्या जुन्या सल्ल्याने त्यांना सगळी पेटी बदलावी लागली असती. शिवाय एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर४ रॅम चालत नाही, म्हणजे तीही नवी घ्यावी लागली असती.

पिढी निरर्थक आहे, असं मी म्हणत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत डेस्कटॉपसाठी इंटेल साधारण आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढे आहे. त्यामुळे ८१०० यादीत आहे, ७७००के नाही. ७७००के वाल्याच्या बोर्डावर पुढे जागाच नाही. त्याला विंडोज ११ अधिकृतपणे हवं असेल तर संपूर्ण बदल करावाच लागेल. १६०० वालाही यादीबाहेर आहे, पण त्याच बोर्डावर ५६०० बसवून तो यादीत येतो. दोघांची यंत्रं एकाच वर्षातली, निर्णय मात्र वेगवेगळे. हा फरक पिढीच्या आकड्यात दिसत नाही, सॉकेटमध्ये दिसतो.

म्हणून आता मी सांगतो ते असं. आधी नेहमीचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. रॅम भरलेली असेल तर रॅम वाढवा. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडी लावा. प्रोसेसरच अडत असेल, तर आपल्या मदरबोर्डचं नेमकं नाव लिहून घ्या आणि निर्मात्याच्या साइटवर त्याला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी पाहा. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायॉस अपडेट करा. नवा बसवल्यावर बोर्ड सुरूच होणार नाही, अशी वेळ येऊ शकते. स्वस्त बोर्डावर जास्त वॉटचा प्रोसेसर लादू नका. आणि दोन प्रोसेसरची तुलना करताना तुमच्याच कामाची चाचणी बघा, खोक्यावरचा आकडा नव्हे. यादीत चांगला पर्याय नसेल, तर मात्र नवा बोर्ड निःशंक घ्या आणि त्या सॉकेटवर पुढे काय येणार आहे, हे दुकानात पैसे देण्याआधी विचारा.