गल्ली नंबर आणि वेब पेज

मागच्या वीकेंडला जळगावला घरी गेलो होतो. रविवारी सकाळी एसटी पकडून धुळ्याला, काकांकडे. काकांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. दिवाळीत मी मोठ्या हौसेने त्यांची वेबसाईट बनवून दिली होती. सरकणारे फोटो, 'आमची वाटचाल'... विचारू नका! कोडिंग दोन रात्री, प्लॅनिंग शून्य मिनिटं.

चहा घेता घेता काका म्हणाले, "तुझ्या वेबसाईटपायी एक माणूस उन्हात फुकट फिरला रे."

झालं असं, की साक्रीकडचा एक शेतकरी जळालेली मोटर गाडीला बांधून ५० किलोमीटर आला. शेतात कांदा तहानलेला, आणि दुकान लग्नामुळे बंद! निघण्याआधी त्याने मोबाईलवर आमची साईट उघडली होती. नंबर होता हो, पण पार तळाशी, एका फोटोच्या आत. नंतर भेटल्यावर त्याने काकांना एवढंच विचारलं, "भाऊ, नंबर कोठे शे?"

मी गप्प.

संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो. जुन्या धुळ्यात नेहमीप्रमाणे चुकलो. पण आग्रा रोडच्या बाजूला आलो, की गल्ली नंबर चार, पाच, सहा... नवखा माणूससुद्धा विचारत विचारत बरोबर पोचतो. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने इथे खानदेशचं मुख्य ठाणं उभारायला घेतलं, तेव्हा गावात घरं होती अवघी ४०१. जुनं गाव घरामागे घर असं वाढलेलं. नवं मात्र सरळ रस्ते आखून वसलं. माझी साईट म्हणजे जुनं धुळं, हे तिथेच कळलं.

रात्री लॅपटॉप उघडलाच नाही. वही घेतली. पहिला प्रश्न: येणारा माणूस काय शोधत येतो? काकांना विचारून चिठ्ठ्या केल्या. फोन नंबर, दुकान आज उघडं आहे का, पत्ता, कोणत्या मोटरी भरतात, किती दिवस लागतात. 'आमची वाटचाल' कुणीच विचारत नाही! मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे केले आणि महत्त्वाचा गठ्ठा वर ठेवून कागदावर चौकटी आखल्या.

एचटीएमएल त्यानंतर. एच-वन म्हणजे पानाचं नाव, ते एकच ठेवायचं. त्याखाली एच-टू म्हणजे गल्ल्या, एच-थ्री म्हणजे गल्लीतली घरं. अक्षर मोठं दिसावं म्हणून हेडिंग वापरायचं नाही. त्यासाठी सीएसएस आहे. सर्च इंजिन आणि अंधांसाठीचे स्क्रीन रीडर या हेडिंगांवरूनच पानाचा नकाशा ओळखतात. नंबर फोटोत नको, मजकुरात हवा, आणि लिंक म्हणून, म्हणजे बोट लावलं की फोन लागतो. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुठेतरी शिकवलंच असेल म्हणा. असो.

सोमवारी सकाळी त्या शेतकऱ्याला फोन केला, माफी मागितली आणि नवी लिंक पाठवली. दोन मिनिटांत त्याचाच फोन. "सापडना!"

पोटात गोळा आला. पुण्यात राहून कान बिघडलेत हो... अहिराणीत 'सापडना' म्हणजे 'सापडला'!