टाकीत राहिलेले पेट्रोल

पावसाळ्यानंतर दफनभूमीत गवत किती माजते, हे वसईच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको. सप्टेंबर सरता सरता कबरींवरचे क्रूस तेवढे वर दिसत राहतात आणि त्यांखालची नावे हिरवाईत बुडून जातात. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मृतिदिनी, माणसे फुले आणि मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांपाशी येतात. त्यापूर्वी ती नावे पुन्हा वर काढणे, हे ऑक्टोबरातले आपले पहिले कर्तव्य असे मी आजवर मानत आलो आहे.

पूर्वी हे काम सर्वस्वी विळ्याने होई. काही वर्षांपूर्वी गल्फमधून परतलेल्या एका कुटुंबाने चर्चला गवत कापायचे पेट्रोलवरचे यंत्र भेट दिले. चार चाके, ढकलण्यासाठी लांब दांडा आणि पोटाखाली आडवे फिरणारे पाते, एवढाच त्याचा संसार. उंच गवत आजही आधी विळ्यानेच उतरवावे लागते. गुडघाभर गवतात यंत्र लोटले की ते गुदमरून बंद पडते. पण वीतभर उरलेले गवत ते असे एकसारखे करते, की पाहत राहावे. असले पहिले यंत्र 1830 साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने केले. गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र त्याने पाहिले होते. कापडाच्या जागी त्याने हिरवळ ठेवली. हे वाचल्यापासून यंत्र ढकलताना माझ्या मनात उगाच शिंप्याची कात्री येते.

2025 च्या ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, आम्ही ते पडवीतून बाहेर काढले. चर्चच्या सेवकाचा भाचा, एकोणीस वर्षांचा, आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे हाताखाली येत असे. त्यानेच दोरी ओढली. सात-आठ हिसक्यांनंतर यंत्र सुरू झाले, पण त्याचा आवाज ऐकून मी चमकलो. एकसुरी घरघर नव्हतीच. आवाज चढे, क्षणभर टिके, मग असा खाली बसे की आता विझणार असे वाटावे. आणि विझता विझता पुन्हा चढे. दमेकऱ्याचा श्वास ज्याने रात्रभर उशाशी बसून ऐकला आहे, त्याला तो आवाज लगेच ओळखता येईल.

मला यंत्रांची थोडी हौस आहे. गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कारणापासून परिणामाकडे आणि परिणामापासून कारणाकडे जायची सवय लागली, ती मी नंतर स्कूटरवर आणि पाण्याच्या पंपावर बेधडक वापरली. तेव्हा मीच कंबर कसली. पात्याजवळ हात जाण्याची शक्यता असली की आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करावी, एवढे पथ्य मात्र मी पाळले. यंत्र बंद असले तरी पाते हाताने फिरवताना इंजिन पेट घेऊ शकते आणि बोटे पुन्हा उगवत नाहीत.

प्लग काढून पाहिला. काजळी नव्हती, उलट टोक पांढुरके पडले होते. तरी नवा घातला. फरक नाही. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते, ते बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. म्हणून झाकण सैल करून पाहिले. फरक नाही. मग हवेच्या फिल्टरचा स्पंज काढला, तर हेलकावे आणखी वाढले. शेवटी मुलगा म्हणाला, “फादर, चोक थोडा ओढून बघू का?” त्याने चोक अर्धा ओढला आणि यंत्र एकदम शहाण्यासारखे चालू लागले. चोक सोडला की पुन्हा तेच.

यंत्र मला तीन वेळा एकच गोष्ट सांगत होते: मला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळत आहे. पांढुरका प्लग तेच सांगत होता, फिल्टर काढल्यावर बिघडलेला आवाज तेच सांगत होता आणि हवा अडवणारा चोक तर उघडच सांगत होता. मी मात्र उत्तर आधीच ठरवून बसलो होतो. पेट्रोलला नेहमीचा तिखट वास नव्हता, कुबट वास होता. पेट्रोल आणायला पैसे देऊन मी त्या मुलालाच पाठवीत असे. त्या वेळी स्मृतिदिनाच्या तयारीसाठी पॅरिश कौन्सिलचे दोघे सभासद आले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, “यात काहीतरी मिसळलेले आहे. पेट्रोलचे पैसे पूर्ण दिले होते ना मी तुला?”

मुलगा काही बोलला नाही. हात पुसले, पाना जागेवर ठेवला आणि फाटकातून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आमच्या भागात वाड्यांमधले पंप, होड्यांची इंजिने आणि लग्नमंडपांचे जनरेटर दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांना निरोप धाडला. त्यांनी यंत्र चालू करून अर्धा मिनिट नुसते ऐकले. मग ते उरलेल्या गवतात लोटले. गवतात आवाज बराच सरळ झाला. पुन्हा मोकळ्या वाटेवर आणले, पुन्हा हेलकावे. “भार असला की नीट, रिकामे असले की झुलते,” एवढे बोलून त्यांनी टाकीचे पेट्रोल एका काचेच्या बाटलीत ओतले आणि बाटली पायरीवर ठेवून दिली.

कार्बुरेटर उघडताना त्यांनी जे समजावले, ते माझ्या शब्दांत सांगतो. अशा इंजिनात वेग स्थिर राखायला गव्हर्नर असतो. वेग घटला की तो हवा-पेट्रोलाचे दार उघडतो, वाढला की मिटतो. यंत्रावर भार नसतो तेव्हा ते दार जवळजवळ बंद असते आणि पेट्रोल केसाएवढ्या बारीक वाटेने येते. ती वाट तुंबली की इंजिनाला उपासमार होऊन वेग पडतो. गव्हर्नर घाबरून दार उघडतो. मग मोठ्या वाटेने भरपूर पेट्रोल येते आणि वेग उसळतो. गव्हर्नर पुन्हा दार मिटतो आणि इंजिन पुन्हा त्या तुंबलेल्या वाटेवर येऊन पडते. म्हणजे हेलकावे घालणारा गव्हर्नर स्वतः निर्दोष असतो. तो फक्त आपले काम करीत असतो. (नियंत्रकच वेगाला झुलवू लागतो, हे कोडे जुने आहे. जेम्स क्लर्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने 1868 साली या विषयावर गणिती निबंध लिहिला. मिस्त्रींना मी हे सांगितले. ते म्हणाले, “त्यांनी जेट साफ केला असता तर लिहावे लागले नसते.”)

कार्बुरेटरची वाटी खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी पांढरी खर आणि मधासारखा चिकट थर होता. मिस्त्रींनी विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार घेऊन जेटच्या छिद्रात घातली. पोलादी सुई घालू नये, असे त्यांनी बजावले. छिद्र रेसभर जरी मोठे झाले तरी हिशेब बिघडतो. हिशेब बारीकच असतो: साध्या पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 किलोच. 2025 पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. जुन्या इंजिनाचे छिद्र साध्या पेट्रोलच्या मापाचे असते, त्यामुळे त्याला इंधन मुळातच थोडे अपुरे पडते. त्यात ते छिद्र तुंबले, म्हणजे संपलेच.

द्रवाची फवारणी, पंपाची हवा, कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये नवे गॅस्केट, कारण तेथून चोरून हवा आत आली तरी हाच आवाज येतो. तासाभरात सारे पुन्हा जुळले. मग मिस्त्रींनी पायरीवरची बाटली उचलून मला दाखवली. वर पिवळसर पेट्रोल होते आणि तळाशी बोटभर गढूळ, वेगळा थर.

“पाणी घातले आहे ना कोणीतरी?” मी विचारले.

“कोणी घालायला कशाला हवे? इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळाभर टाकीत ठेवले तर हे असेच होणार. हे पेट्रोल भरले कधी, फादर?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. पेट्रोल मे महिन्यात भरले होते. प्रथम कम्युनियनच्या सोहळ्यापूर्वी अंगणातले गवत मी स्वतः हौसेने कापले होते. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, आभाळ भरून आले असताना, तोच मुलगा माझ्या दारात उभा राहून म्हणाला होता, “फादर, टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून ठेवू का? सरांनी सांगितले आहे.” मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणालो होतो, “राहू दे. पेट्रोल काय फुकट येते? पुढच्या वेळी उपयोगी पडेल.”

पापनिवेदन ऐकण्याच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आहेत. लोक अडखळतात, तेव्हा मी धीराने वाट पाहतो. त्या संध्याकाळी त्या मुलाच्या घराकडे जाताना माझी पावले किती अडखळली, ते माझे मला ठाऊक. घरी त्याची आई होती. तिने खुर्ची पुसून दिली, पाणी दिले. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी सारे सांगितले. चूक माझी होती, मला क्षमा कर, असेही म्हणालो. तो “असू दे, फादर” एवढेच पुटपुटला. मला वाटले, झाले. मी उठलो, तेव्हा ती माउली पदर सावरत खालच्या आवाजात म्हणाली, “फादर, रागावू नका. पण तुम्ही बोललात ते चारचौघांत बोललात. क्षमा तेवढी घरात येऊन मागितलीत.”

तिचे बरोबर होते. त्या दोन सभासदांपैकी एकाने ती गोष्ट घरी सांगितली होती आणि घरातून ती कुठे कुठे गेली, याचा पत्ता मला नव्हता. दोन दिवसांनी कौन्सिलची सभा होती. कबरींच्या रंगकामाचा खर्च आणि मंडपाचे भाडे हे विषय संपल्यावर मी त्या मुलाला बोलावून घेतले आणि जूनमधले माझे वाक्य जसेच्या तसे सर्वांसमोर उच्चारले. काही जण संकोचून खाली पाहू लागले. एक वडीलधारे गृहस्थ मायेने म्हणाले, “जाऊ द्या फादर, एवढे काय त्यात.” त्यांच्या त्या मायेचा मला त्या क्षणी आधार वाटला, हे कबूल करतो, म्हणूनच मी वाक्य अर्धे न सोडता पूर्ण केले.

1 नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी, मिस्सानंतर फाटक वाजले. मुलगा आला होता. त्याने माझ्याकडे फारसे पाहिले नाही. ताज्या पेट्रोलचा डबा हुंगला, टाकीत ओतले, दोरी ओढली. दुसऱ्या हिसक्याला यंत्र सुरू झाले आणि चालतच राहिले, सरळ, एका सुरात. त्याने चोक पूर्ण सोडला आणि कान देऊन उभा राहिला. मग जुन्या कबरींच्या रांगेकडे यंत्र वळवले. मी मागून विळा घेऊन, चाक जिथे पोचत नाही त्या दगडांच्या कडा साफ करीत गेलो. दुपारपर्यंत आमच्यात दहा-बारा शब्द झाले असतील. बहुतेक विळ्याच्या धारेविषयी.

रविवारी संध्याकाळी कबरींना आशीर्वाद देऊन झाला, मेणबत्त्या लागल्या, माणसे पांगली. मी कपडे बदलून पडवीत आलो, तर तो जमिनीवर उकिडवा बसला होता. टाकीखाली डबा लावून उरलेले पेट्रोल काढून घेत होता. मला पाहून म्हणाला, “फादर, हे मामांच्या मोटारसायकलमध्ये टाकू का? ताजे आहे.”

“टाक,” मी म्हणालो, आणि डबा कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूने धरला.