दौंडला गाडीचं तोंड फिरतं

रेल्वेचा नाद असलेल्या माणसाने शिरूरला जाण्याचं तसं काही कारण नाही. पुणे-नगर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव, गजबजलेली बाजारपेठ, अलीकडे रांजणगावचा महागणपती आणि त्याच्या शेजारी उभी राहिलेली एमआयडीसी. रूळ मात्र कुठेच नाही. दौंडला जाताना वाटेत शिरूर करू, असं मी सुचवलं तेव्हा आमच्या चौकडीतून पहिला प्रश्न हाच आला, की तिथे बघायचं काय? पुण्याहून पॅसेंजरमध्ये बसलं की थेट दौंड. शिरूरचा वळसा कशाला?

वळसा अशासाठी, की शिरूरला रेल्वेने टाळलं आणि दौंडला घडवलं. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, एकमेकांपासून तास-दीड तासाच्या वाटेवर. रेल्वे नव्हती तेव्हा महत्त्व होतं ते शिरूरला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटन पायदळ, थोडे स्वार आणि दोन तोफा घेऊन इथूनच पुण्याकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. पूना हॉर्स हा रिसालाही 1817 चाच, आणि त्याचा मुक्काम पुढे बरीच वर्षं याच गावात होता. इथे 1809 मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची तर आणखीच गंमत आहे. गावातले लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्याला दाखवत, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात सापडते. परक्या फौजेतल्या साहेबाला गावाने आपल्या देवस्थानांत सामावून घेतलं. छावणी उठली, साहेब राहिला.

त्या काळी तोफा, टपाल, धान्याच्या गाड्या असं सगळं पुण्याहून नगरकडे याच रस्त्याने जाई, आणि घोड नदीचा उतार शिरूरला. रेल्वेने हे चित्र दोन टप्प्यांत बदललं. पुण्यापासून दौंडवरून डिकसळपर्यंतचा मार्ग 1858 च्या डिसेंबरात सुरू झाला. तोवर बोरघाटातला लोहमार्ग पुरा झालेला नव्हता. तो झाला 1863 मध्ये. म्हणजे मधली चार-साडेचार वर्षं दौंडचा माणूस आगगाडीने खंडाळ्यापर्यंत जायचा, तिथे उतरून पालखीत नाहीतर गाडीत बसून घाट उतरायचा आणि खाली खोपोलीला पुन्हा आगगाडी धरायचा. मुंबईची गाडी दौंडला यायच्या आधी दौंडला गाडी होती, हे मला फार आवडतं. दुसरा टप्पा दौंड-मनमाड मार्गाचा, 1878 मधला. 1876 च्या दुष्काळात या मार्गाच्या मातीकामावर पोटासाठी हजारो माणसं राबली. नगरला रूळ पोचले आणि नगरचा माल शिरूरचा रस्ता सोडून दौंडकडे वळला. शिरूर काही ओस पडलं नाही. पण मुख्य वाटेवरून ते बाजूला सरकलं आणि पुढे मोटारींचा जमाना येईपर्यंत बाजूलाच राहिलं.

न्हावऱ्यावरून आम्ही इनामगावकडे वळलो. दोन्ही बाजूंनी ऊस, रस्त्यावर ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांना ओलांडून पुढे जाणं म्हणजे नशिबाचा खेळ. इनामगावात घोडच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे बारा-पंधरा वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावं या मातीशी कायमची जोडली गेली आहेत. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळात इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. चौकोनी घरं, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट, आणि चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष. पण आमच्या कामाची वस्तू वेगळीच: मडक्यावर कोरलेलं बैलगाडीचं चित्र. चाकाच्या वाहनाकडे कौतुकाने पाहत बसलेला आणि हातात येईल त्यावर ते रेखाटणारा माणूस या तालुक्यात तीन हजार वर्षांपूर्वीही होता तर. आमच्यातल्या एकाने लगेच त्याला आमच्या नादिष्ट मंडळाचं सन्माननीय सभासदत्व देऊन टाकलं. आज तिथे टेकाडं आणि शेतं आहेत. माहिती नसेल तर माणूस न थांबता पुढे जाईल.

पुढे भीमा ओलांडली की दौंड. आधी दिसतं ते यार्ड, गाव त्याच्या मागून. नकाशा डोळ्यांपुढे आणला तर इथली गोम कळते. पुण्याची गाडी पश्चिमेकडून दौंडात शिरते आणि मनमाडचा फाटा सुटतो तोही पश्चिमेकडूनच. त्यामुळे पुण्याहून दौंडात आलेली मनमाडची गाडी सरळ पुढे जाऊच शकत नाही. ती फलाटाला लागते, इंजिन सुटतं, मोकळ्या रुळावरून मागच्या टोकाला जातं, तिथे जोडलं जातं आणि गाडी आल्या दिशेनेच बाहेर पडते. तोंडाशी असलेला डबा शेपटाला जातो. खिडकीत गाडीच्या दिशेने तोंड करून बसलेला प्रवासी पाठमोरा होतो. नवखा असला तर दचकून शेजाऱ्याला विचारतो, "अहो, ही परत पुण्याला चालली का?" वर्षानुवर्षं हा प्रश्न दौंडच्या फलाटावर विचारला गेला आहे आणि शेजाऱ्याने वर्षानुवर्षं तितक्याच शांतपणे भेळ खात उत्तर दिलं आहे.

नादिष्टांसाठी ही वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे मेजवानी. पॉइंट्समन दोन बफरांच्या मधे शिरतो, ब्रेक पाइपाचे कॉक बंद करतो, नळ्या सोडवतो, कपलिंग उतरवतो, हात दाखवतो. इंजिन हलतं. दुसऱ्या टोकाला तेच सगळं उलट क्रमाने. मग पाइपात हवा भरत जाते, दाब 5 किलोवर येतो, ब्रेक तपासले जातात. एकीकडे गार्ड आपली पेटी घेऊन गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला निघालेला असतो. आमच्यातला एक जण हे सगळं घड्याळ लावून बघतो. मला घड्याळात रस नाही. मला कपलिंग बसताना होणारा आवाज हवा असतो.

अशी माणसं जगभर आहेत, आणि आमच्याहून पुष्कळ पुढे गेलेली आहेत. इंग्लंडात समुद्राकाठच्या ब्लॅकपूलमध्ये 1885 पासून विजेची ट्राम धावते आहे. 2012 मध्ये तिथे नव्या ट्रामगाड्या आल्या, तरी जुन्या गाड्या किनाऱ्यावरून फिरवण्यासाठी राखून ठेवल्या आणि त्यांच्यात बसायला लोक लांबून येऊ लागले. आमच्या समुद्राकाठच्या शहराने काय केलं? मुंबईत 9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये विजेची आली, 1920 मध्ये दुमजली. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती खच्चून भरली होती, निरोप द्यायला लोक लोटले होते. मग रूळ उखडले किंवा डांबराखाली गाडले. निरोप जोरात आणि जतन शून्य, ही आपली जुनी सवय. याला अपवाद आहेत. दर 1 जूनला पुणे स्टेशनावर डेक्कन क्वीनचा वाढदिवस होतो, केक कापला जातो, इंजिनाला हार पडतो. 1930 साली सुरू झालेली गाडी, आणि कौतुक करणारे तिचे रोजचे प्रवासी. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय 1998 पासून आहे. पण हे शहरातले लाड. ट्रामची उणीव भरून काढील असं काही ग्रामीण भागात होतं का, असं कुणी विचारलं तर मी दौंड-बारामतीची छोटी लाइन सांगेन.

ती 1914 ची. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे मोठ्या लाइनीच्या निम्म्याहूनही कमी. ती का झाली हे समजून घ्यायला बारामतीकडे पाहावं लागतं. 1885 मध्ये नीरा डावा कालवा आला, अवर्षणाच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला आणि गूळ बाहेर पाठवायला वाट हवी झाली. छोटी लाइन बांधायला स्वस्त, वळणं घट्ट चालतात, पूल हलके पुरतात. पण स्वस्ताईची किंमत दौंडात मोजावी लागे. दोन मापांचे रूळ इथे भेटत, आणि बारामतीचं पोतंन् पोतं छोट्या डब्यातून उतरवून माणसाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जाई. आम्ही नादिष्ट त्या छोट्या इंजिनांच्या आठवणीने हळवे होतो. हमालांच्या पाठीचा विचार आमच्या गप्पांत क्वचितच येतो. आता तो मार्ग मोठ्या मापाचा झाला आहे, आणि छोट्या लाइनीची खूण शोधायला आम्हाला फलाटाच्या टोकापर्यंत आणि पलीकडच्या झाडीत बराच वेळ घालवावा लागला. हाती विशेष काही लागलं नाही.

चहाच्या टपरीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका भेटले. शंटिंगमध्ये उमेदीची वर्षं गेलेली. आम्ही इंजिन फिरवण्याचे गोडवे गायला लागलो तसे ते हसायला लागले.

"आवडायचं काय त्यात? पावसाळ्यात ग्रीसनं हात बरबटलेले, मधे उभं राहायचं, ड्रायव्हरनं इंचभर जास्त दाबलं तर आपला चेंदा." मग थोडं थांबून म्हणाले, "पण एका दणक्यात कपलिंग बसलं ना, की बरं वाटायचं. ते खोटं नाही बोलणार."

त्यांनीच आम्हाला पुण्याचा मार्ग नगरच्या मार्गाला थेट जोडणाऱ्या कॉर्ड लाइनीचं सांगितलं. ती झाल्यापासून कित्येक गाड्या दौंड जंक्शनला शिवतच नाहीत. गावाबाहेर नव्या छोट्या स्टेशनावर थांबतात आणि तशाच नगरकडे निघून जातात. वेळ वाचतो, आणि वाचलाही पाहिजे. गाडीत अडकून पडलेल्या माणसाने आमच्या हौसेसाठी अर्धा तास का घालवावा? दौंडकरांची तक्रार वेगळी आहे: रात्री-अपरात्री त्या आडबाजूच्या स्टेशनावरून घरी यायचं कसं?

यावर आमच्यात फूट पडली. दोघांना कॉर्ड लाइन बघायची होती, ते रिक्षा ठरवून गेले. काका म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. तिथं काही सुटत नाही, काही जोडत नाही. दोन मिनिटं थांबती आन् जाती." मग त्यांनी आमच्या वहीत डोकावून, इंजिन फिरवायची गाडी पुढची कोणती ते सांगितलं. तासाभराने होती. आम्ही आणखी दोन चहा मागवले.