जयपूरचे विद्याधर नगर आणि गणगौरीची गाणी

जयपूरला जाणारे पर्यटक जुने शहर पाहून परततात. पण होळीनंतरच्या पंधरवड्यात तेथील एखाद्या नव्या वसाहतीत सकाळी फेरफटका मारला, तर एक वेगळेच जयपूर कानावर पडते.

जयपूर म्हटले की हवामहल, सिटी पॅलेस, जंतरमंतर आणि आमेरचा किल्ला डोळ्यांपुढे येतो. दोन दिवसांत एवढे पाहायचे, त्रिपोलिया बाजारात लाखेच्या बांगड्या आणि बापू बाजारात मोजड्या घ्यायच्या, की परतीची गाडी पकडायची, असाच बहुतेकांचा कार्यक्रम असतो. शहराच्या वायव्येला, सीकर रोडलगतच्या विद्याधर नगराकडे कोणी मुद्दाम फिरकत नाही. तेथे ना किल्ला आहे, ना महाल. सेक्टरांत विभागलेली घरे, मधून जाणारा बाजारपेठेचा रुंद पट्टा, बागा आणि पूर्वेकडे दिसणारे नाहरगडचे डोंगर, एवढेच काय ते तेथे आहे. तरीही मराठी कुटुंबाने, विशेषतः महिलांनी, जयपूरच्या सहलीतली एक सकाळ या वसाहतीसाठी राखून ठेवावी. कारण आहे तेथील गाणी.

नव्या जयपूरचे मराठी नाते

आधी थोडे वसाहतीविषयी. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले. त्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या विद्याधर भट्टाचार्य या बंगाली गृहस्थांचे नाव या नगराला दिले आहे. सरळ रस्ते, चौकोनी मोहल्ले आणि मोठमोठ्या चौपडी ही जुन्या जयपूरची ओळख. २०१९ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

विद्याधर नगराचा आराखडा १९८० च्या दशकात केला तो बाळकृष्ण दोशी यांनी. दोशींचा जन्म पुण्यात १९२७ मध्ये झाला आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. पुढे त्यांनी ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम केले, अहमदाबादला कर्मभूमी मानले आणि २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय वास्तुविशारद ठरले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. जुन्या जयपूरची शहाणी आखणी नव्या काळात पुन्हा वापरावी, रस्त्यांवर सावली असावी, माणसांना पायी फिरता यावे, घरांना मोकळे चौक असावेत, अशी त्यांची कल्पना होती. कागदावरचे सगळेच जमिनीवर उतरले नाही. पण ज्या जुन्या घरांना अंगण आणि दाराशी ओटा आहे, तेथे बायका का जमतात, हे पाहताक्षणी समजते.

येथे एक सूचना करायला हवी. ‘विद्याधर का बाग’ हे पर्यटनस्थळ वेगळे आहे. ते शहराच्या दुसऱ्या बाजूला, आग्रा रोडवर घाट की गुणी येथे आहे. रिक्षावाल्याला ‘नगर’ की ‘बाग’ हे स्पष्ट सांगा, नाहीतर भलतीकडेच पोहोचाल.

सोळा दिवसांचा गायनवर्ग

होळीच्या दुसऱ्या दिवसापासून चैत्र शुद्ध तृतीयेपर्यंत राजस्थानात गणगौर चालते. गण म्हणजे शंकर, त्यांना येथे ईसर म्हणतात, आणि गौर म्हणजे पार्वती. कुमारिका आणि सुवासिनी रोज सकाळी दूर्वा, फुले आणि पाण्याचे तांबे घेऊन एका घरी जमतात. कुंड्यात गहू किंवा जव पेरतात. भिंतीवर किंवा कागदावर कुंकू, मेंदी आणि काजळाचे सोळा-सोळा ठिपके काढतात. नव्या नवरीची पहिली गणगौर माहेरी करण्याची पद्धत असल्यामुळे लेकी सासरहून येतात. शेवटी गूळ आणि पिठाचे गुणे होतात आणि गौरीला निरोप दिला जातो.

गंमत अशी, की ज्या चैत्र शुद्ध तृतीयेला राजस्थानातली गौर जाते, त्याच दिवशी महाराष्ट्रात चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. तेथे निरोप, येथे आंब्याची डाळ आणि पन्हे. मराठी महिलेला गणगौर परकी वाटत नाही, ती यामुळेच.

आमच्या नात्यातल्या एक वहिनी सांगलीहून लग्न होऊन आल्या आणि यजमानांच्या नोकरीमुळे विद्याधर नगरात स्थायिक झाल्या. पहिले वर्ष त्यांना फार जड गेले. हिंदी जेमतेम, मारवाडी-ढूंढाडी तर अजिबात समजत नसे. दुपारी शेजारच्या ओट्यावर हास्यविनोद चाले आणि या खिडकीतून बघत बसत. होळीनंतर शेजारच्या काकीसा दारात आल्या आणि म्हणाल्या, “चालो बीनणी, गीत गावां.” वहिनींना ‘गीत’ एवढाच शब्द कळला. त्या गेल्या, मागच्या रांगेत बसल्या आणि नुसत्या टाळ्या वाजवत राहिल्या.

या गाण्यांत एक खुबी असते. गाता गाता प्रत्येकीच्या पतीचे आणि भावांचे नाव ओळीत गुंफायचे असते. आपल्या उखाण्यासारखेच, फक्त सगळ्यांनी मिळून घ्यायचे. वहिनींची पाळी आली तेव्हा भाऊजींचे पाच अक्षरी भारदस्त नाव, वर ‘जी’, त्या चालीत काही केल्या बसेना. सगळ्या जणी हसून लोटपोट झाल्या. शेवटी काकीसांनी मधली दोन अक्षरे गिळून ते बसवले. “त्या दिवशी मी या गल्लीची झाले,” असे वहिनी आजही सांगतात. ओळख करून घ्यायला त्यांना भाषा लागली नाही, एक चाल पुरली.

घरी येऊन त्यांनी वही केली. ऐकलेले गाणे देवनागरीत उतरवायचे आणि शेजारी मराठीत अर्थ लिहायचा. ‘गोरबंद’ म्हणजे उंटाच्या गळ्यातला दागिना, ‘कुरजां’ म्हणजे हिवाळ्यात येणारा करकोच्यासारखा पक्षी, परदेशी गेलेल्या पतीकडे त्याच्याबरोबर निरोप धाडायचा, ‘चिरमी’ म्हणजे आपली गुंज. वही भरत गेली. त्यात गणगौरीची गाणी होती, तशी तीजेची, लग्नातल्या बन्ना-बन्नीची आणि बाळंतिणीच्या जच्चाचीही होती.

कॅसेटने काय दिले

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि देशभर लोकगीतांचा बाजार उभा राहिला. जयपूरमध्ये के. सी. मालू यांच्या वीणा कॅसेट्सने राजस्थानी गीतांचे ध्वनिमुद्रण केले. सीमा मिश्रा यांच्या आवाजातली ‘घूमर’ आणि इतर गाणी घराघरांत पोहोचली. मुंबई, कोलकाता, चेन्नईला गेलेल्या मारवाडी कुटुंबांच्या लग्नांत तीच वाजू लागली. २०१८ च्या ‘पद्मावत’ चित्रपटातून पारंपरिक घूमर नव्या रूपात साऱ्या देशाने ऐकले. आज कॅसेटची जागा मोबाईलने घेतली आहे आणि ‘गणगौरीची निवडक गाणी’ बोटाच्या एका स्पर्शावर मिळतात.

पॉप संगीताच्या जगात मुलींच्या गटांचे असे निवडक संग्रह निघतात, त्यांना ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणतात. अमेरिकेतल्या ‘सुप्रीम्स’चा असा संग्रह १९६७ मध्ये निघाला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी त्यांच्यातली एक गायिका गटातून बाहेर पडली. इंग्लंडच्या ‘स्पाइस गर्ल्स’नी १९९६ मध्ये धमाल उडवली, पुढे त्या पांगल्या आणि २००७ मध्ये पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा त्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ आला. आपल्याकडे २००२ मध्ये चॅनल व्ही या वाहिनीवरच्या स्पर्धेतून पाच मुलींचा ‘व्हिवा’ हा गट निवडला गेला. तो काही वर्षेच टिकला. त्यातल्या अनुष्का मनचंदा आणि नेहा भसीन यांनी पुढे चित्रपटांसाठी स्वतंत्रपणे गाणी गायली. थोडक्यात, गट थकला किंवा पांगला की त्याची उत्तम गाणी एकत्र बांधली जातात. चाहत्यांसाठी तो आठवणींचा ठेवा असतो.

विद्याधर नगरच्या ओट्यावरचा गट मात्र कधी स्थापनच झाला नाही, त्यामुळे तो मोडतही नाही. दरवर्षी दोन मुली सासरी जातात, एखादी नवी सून येते, कोणाची बदली होते. यंदा कोणती गाणी म्हणायची, हे यंदा जमलेल्या बायका ठरवतात. जे म्हटले ते राहिले आणि जे सलग दोन-चार वर्षे कोणी म्हटले नाही, ते विसरले गेले. धोका आहे तो येथेच.

गाणे लावायचे की म्हणायचे?

काही वर्षांपूर्वी वसाहतीतली जुनी घरे पाडून मजले चढू लागले. ओटे गेले. बायका इमारतीखालच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसू लागल्या. एका सुनेने सोयीसाठी छोटा स्पीकर आणला आणि मोबाईलवर गाणी लावली. सूर पक्का, शब्द स्पष्ट, ढोलक झकास. दोन दिवसांतच सगळ्या गप्प बसून ऐकू लागल्या. तिसऱ्या दिवशी काकीसांनी स्पीकर बंद करायला लावला. “याला दम लागत नाही, म्हणून हा आपल्यासाठी थांबत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि यात माझ्या नातसुनेच्या नवऱ्याचे नाव कुठे आहे?”

सुनेचेही म्हणणे चूक नव्हते. ती नोकरी करणारी. सकाळी साडेसातला गौर पूजून नऊला तिला कार्यालय गाठायचे असते. चाळीस गाणी पाठ करायला तिला वेळ कुठून मिळणार? यंत्रावर ऐकून निदान चाल तरी कानात बसते. वाद दोन दिवस चालला. तोडगा निघाला तो असा, की घरी, स्वयंपाक करताना किंवा प्रवासात गाणे ऐकायचे आणि सतरंजीवर बसल्यावर मात्र स्वतः म्हणायचे.

पुढच्या वर्षी काकीसा मुलाकडे बेंगळुरूला राहायला गेल्या. पहिल्या सकाळी पंधरा-वीस जणी जमल्या, पण गाणे कोणी उचलायचे, हाच प्रश्न पडला. प्रत्येकीला आपण दुसरीच्या मागून म्हणतो एवढेच ठाऊक होते. जिला सगळे येत होते, तीच गेली होती. अखेर वहिनींनी पिशवीतून वही काढली. जन्माने राजस्थानी असलेल्यांना गाणी लिहून ठेवण्याची गरज कधी वाटली नव्हती. बाहेरून आलेलीने ती लिहिली होती, कारण तिला ती आपोआप येणार नव्हती. एका गाण्याचे कडवे वहीतही अर्धवट होते. ते सुनेने मोबाईलवरच्या संग्रहातून शोधले. त्यातली चाल जरा निराळी निघाली. बायकांनी शब्द संग्रहातले घेतले आणि चाल गल्लीतलीच ठेवली. त्या वर्षापासून गाणी सांगलीच्या वहिनी सांगतात, काकीसा बेंगळुरूहून फोनवर ऐकतात आणि चुकले तर तिकडून टोकतात.

आपल्याकडेही काही निराळे घडत नाही. भोंडल्याची आणि मंगळागौरीची गाणी किती जणींना पाठ आहेत? शहरांतून मंगळागौरीचे खेळ करून दाखवणारे महिलांचे गट पैसे देऊन बोलावता येतात. ते उत्तम खेळतात, कला टिकते, काही जणींना मिळकतही होते. पण नव्या नवरीला खुर्चीवर बसून टाळ्या वाजवाव्या लागल्या, तर खेळ तिचा राहत नाही. ध्वनिमुद्रण आणि वही दोन्ही हवीत. मात्र त्यांचा उपयोग म्हणण्यासाठी व्हावा, म्हणण्याऐवजी नको.

केव्हा आणि कसे जाल?

गणगौर मार्च-एप्रिलमध्ये येते. तारीख तिथीनुसार बदलते, म्हणून आरक्षणापूर्वी पंचांग पाहा. मुंबई आणि पुण्याहून जयपूरला थेट रेल्वेगाड्या आहेत, विमानसेवाही आहे. सकाळ-संध्याकाळ हवा सुखद असते, दुपारी ऊन चटकते, म्हणून सुती कपडे आणि टोपी हवीच.

शेवटचे दोन दिवस साधता आले तर उत्तम. तृतीयेला आणि चतुर्थीला सिटी पॅलेसच्या जनानी ड्योढीतून गौरीची मिरवणूक निघते आणि त्रिपोलिया बाजार, छोटी चौपडमार्गे तालकटोऱ्याकडे जाते. हत्ती, उंट, बँड, लोककलावंत असा सगळा थाट असतो. जयपूरच्या मिरवणुकीत गौर एकटीच असते, ईसर नसतो. त्यामागे जुन्या संस्थानी भांडणाची कथा सांगतात. गर्दी फार होते, तेव्हा मुलांचे हात सोडू नका. परतताना घेवर जरूर चाखा.

विद्याधर नगरसाठी मात्र सकाळचीच वेळ गाठा. रेल्वे स्टेशनवरून रिक्षाने अर्ध्या तासात पोहोचता येते. येथेच माजी उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत यांचे स्मारक आहे, तेही पाहता येईल. ज्या दारातून गाणे ऐकू येईल, तेथे पादत्राणे काढून नम्रपणे विचारा. गाणाऱ्यांना विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नका किंवा मोबाईलवर ध्वनिमुद्रण करू नका. बसायला सांगतील तर अवश्य बसा. आणि पतीचे नाव विचारले तर लाजू नका. ते कितीही लांबलचक असले तरी या बायका ते चालीत बसवतात.