मामांची टोपी आणि सोसायटीची फाइल

महाशिवरात्रीला दोन दिवस सुट्टी टाकून प्रतापगडला जाऊन आलो. अफझलखानाचा प्रतापगड नव्हे, तो साताऱ्यात. हा आमचा गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. इथे महादेवही आहे आणि दर्गाही. पुण्यात कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे महाबळेश्वरजवळ ना?" असो.

खरं तर मामांनी बोलावलं होतं ते देवासाठी नाही. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं होतं आणि विकलेल्या धानाचे पैसे अजून खात्यात आले नव्हते. आपल्याकडे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्क्याने पडतं. मुदत हुकली की सवलत गेली, मग कारण काहीही असो. "साठ हजार दे बापू, पैसे आले का वापस करतो," मामा म्हणाले. मान वर करून म्हणाले नाहीत. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी याच माणसाने भरली होती. मला कसंतरीच झालं.

फाइल बघितली. सात-बारा, आठ-अ, बेबाकी दाखले, आणि सात-बारावर चढलेला बोजा. सगळं तीन एकर धानासाठी! ती फाइल काढताना पेटीतून एक जुनी टोपी खाली पडली. डेक्कन चार्जर्सची.

एप्रिल २०१० ची गोष्ट. तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादच्या आयपीएल मॅचेस बाहेर गेल्या, त्यातल्या काही नागपूरला जामठ्यावर झाल्या. मी मामांना घेऊन गेलो होतो. गिलख्रिस्ट कॅप्टन, आणि टीममध्ये आपल्या नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा. आदल्याच वर्षी याच टीमने आयपीएल जिंकलेली. मामा जवळजवळ अख्खी मॅच उभेच होते.

"ते टीम गेली कुठं रे?" टोपी झटकत मामांनी विचारलं.

सांगितलं. मालक डेक्कन क्रॉनिकल होल्डिंग्ज, म्हणजे मुळात पेपरवाली कंपनी. २००८ मध्ये १० कोटी ७० लाख डॉलर्सला टीम घेतली. पुढे कंपनी कर्जात बुडाली, आणि कर्ज देणाऱ्यांत कॅनरा बँकेसारख्या सरकारी बँका होत्या. सप्टेंबर २०१२ मध्ये टीम विकायला काढली. ९०० कोटींची बोली आली, ती कंपनीनेच नाकारली. दुसऱ्या दिवशी बीसीसीआयने करार रद्द केला. मग मुंबई हायकोर्ट, १०० कोटींची बँक गॅरंटी द्यायला मुदत, तीही जमली नाही. टीम संपली. २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२० मध्ये लवादाने तिला बीसीसीआयकडून ४,८०० कोटींहून जास्त भरपाई मंजूर केली, २०२१ मध्ये हायकोर्टाने तो निवाडाच रद्द केला.

मामांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिचा सात-बारा कोनी पाह्यला होता?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आयपीएल टीमला सात-बारा नसतोच. टीम म्हणजे एक करार, आणि तो दुसऱ्या कुणीतरी रद्द केला की मागे उरतात टोप्या. मामांची जमीन निदान जागेवर राहते. सरकारी बँकेच्या बोर्डावर सरकारचा आणि रिझर्व्ह बँकेचा प्रतिनिधी असतो. म्हणजे विचारणारा माणूस खोलीत होता. आमच्या धंद्यात कोड प्रॉडक्शनला जाण्याआधी रिव्ह्यू होतो. मामांच्या साठ हजारांचा तसा रिव्ह्यू होतो. टीमवाल्यांच्या कर्जाचं मात्र पोस्टमॉर्टेमच जास्त गाजतं.

हे फक्त आपल्याकडेच नाही हं. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या नगरपालिकेने २०१३-१४ मध्ये तिथल्या फुटबॉल क्लबला स्टेडियमसाठी एक कोटी अडीच लाख पौंड कर्ज दिलं. स्टँड वर्षानुवर्षं अर्धवट. नीट तपासणीच झाली नव्हती, असं ऑडिटरने २०२१ मध्ये लिहिलं. उशिरा का होईना, पण तो रिपोर्ट निदान सगळ्यांना वाचायला मिळाला.

आता आपल्याकडचं बघा. मॅचला पोलीस बंदोबस्त लागतो, त्याचे पैसे आयोजकांनी सरकारला द्यायचे असतात. न भरलेलं बिल म्हणजे माझ्या मते बिनव्याजी कर्जच. मुंबईत हे थकले. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने दर कमी केले, तेही थेट २०११ पासून! माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली हायकोर्टात गेले, आणि २०२४ मध्ये कोर्टाने सरकारला याचा जाब विचारला. म्हणजे बारा वर्षं मागे जाऊन सवलत देता येते तर! मामांना एक दिवस पुढे मिळत नाही.

मला आयपीएल आवडते, अजूनही बघतो. टीमला कर्ज देऊच नका असंही म्हणणं नाही. फक्त सरकारी पैसा जाण्याआधी तारण काय, आणि ते उद्या नाहीसं झालं तर काय, एवढं कुणीतरी लिहून ठेवावं आणि आपल्याला वाचायला द्यावं. पैसे मामांचेही आहेत.

रेंज मिळाल्यावर साठ हजार ट्रान्सफर केले. २९ मार्चला मामांनी व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो पाठवला. मी मागितला नव्हता. खाली लिहिलं होतं, "चेक करून घे."