आठ-बाराची जमात

परवा जेवताना आमच्या कन्येनं विचारलं, "बाबा, तुमची उपसंस्कृती कोणती?"

मी पडलो बी.कॉम. बँकेत उपशाखा आणि घरी उपवास, एवढेच 'उप' मला ठाऊक. म्हटलं, "आपण नोकरदार माणसं. मूळ संस्कृतीच जेमतेम परवडते."

ती समाजशास्त्र शिकते. मोठ्या समाजात राहूनच काही माणसं आपले वेगळे नियम, वेगळी बोली, वेगळा मानपान उभा करतात, ती म्हणे उपसंस्कृती. अल्बर्ट कोहेन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५५ साली तिचं मूळ सांगितलं. सारखीच अडचण असलेली माणसं एकमेकांच्या सहवासात आली, की मिळून तिच्यावर तोड काढतात आणि तीच त्यांची रीत होते.

"अगं, मग ही तर आमची आठ-बाराची लोकल!" मी ओरडलो.

आमची अडचण साधी. बाक तिघांचा आणि माणसं अगणित. त्यावर पहिली तोड म्हणजे चौथी सीट. बाकाच्या टोकाला अर्धं शरीर टेकायचं, उरलेलं परमेश्वराच्या हवाली करायचं. दुसरी तोड, ठाणं आलं की बसलेल्यानं उठायचं आणि उभ्यानं बसायचं. रेल्वेच्या कायद्यात हे कुठंही नाही, म्हणूनच बहुधा पाळलं जातं. डोंबिवलीचा माणूस मुंबईला जाण्यासाठी आधी उलटा कल्याणला जातो. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो, आमच्यात त्याला दूरदृष्टी म्हणतात. मांडीवरच्या बॅगेवर पत्ते, पलीकडे भजनी मंडळाचे टाळ आणि दसऱ्याला डब्याला तोरण, पूजा, पेढे. आणखी काय हवं संस्कृतीला?

"काय नाव म्हणालीस त्या पुस्तकाचं?" मी अभिमानानं विचारलं.

"'डेलिन्क्वेंट बॉइज'. वाया गेलेल्या मुलांच्या टोळ्यांवर आहे."

सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता समाधानानं मान डोलावली.

मी गप्प बसलो, कारण गेल्याच महिन्यात माझी आठ-बारा चुकली होती. आठ-सत्तावीस पकडली. तेच रूळ, तोच पास, पण पंधरा मिनिटांत मी परदेशात! बसलेल्या एकाला सवयीनं विचारलं, "ठाण्याला उठताय ना?" त्यानं असं पाहिलं, जसं मी तारणाशिवाय कर्ज मागत होतो. "ते आमच्या ग्रुपमधल्यांसाठी," तो म्हणाला. बावीस वर्षांची माझी सीनिऑरिटी तिथं शून्य. शेवटच्या स्टेशनापर्यंत उभा होतो. पायांपेक्षा मान जास्त दुखली, कारण ती खाली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या आठ-बाराला एक नवा पोरगा चढला. दिवा गेल्यावर मलाच विचारतो, "काका, ठाण्याला उठणार का?"

सगळा ग्रुप माझ्याकडे बघायला लागला. 'ते आमच्या ग्रुपमधल्यांसाठी' हे वाक्य ओठांवर तयार होतं. किती पटकन आलं, याचीच मला भीती वाटली.

ठाणं आलं. मी उठलो. "बस रे."

पत्ते पिसणारा हात थांबला. "कोण हा?"

"आमच्या बँकेत नवीन लागलाय," मी ठोकून दिलं.

टोळीतल्या वाया गेलेल्या मुलाला एवढी एक थाप माफ असावी.